खर्ज कापून

२ जुलै

गेली चार वर्षं दैनंदिनी लिहिली नाही, कारण लिहून ठेवावा असा मूर्खपणा भेटला नव्हता. आज भेटला, तोही घाऊक. लिहिला नाही तर डोक्यात साचून राहील.

अंधांच्या बोलक्या पुस्तकांच्या ग्रंथालयात आजपासून मी ध्वनिमुद्रण प्रमुख. प्रमुखाच्या हाताखाली कोण, असं विचारलं, तर चिटणीस म्हणाले, "साहेब, तुमचे दोन हात आहेत की." आणि स्वतःच्याच विनोदावर काखेतली फाइल सांभाळत हसले. फाइल काखेतून पडली तर माणूसही सोबत पडेल अशी त्यांची एकूण ठेवण आहे.

एकतीस वर्षं मी जाहिरातींचे आवाज घडवले. साबण, सिमेंट, सुटकेसा. लोक म्हणायचे, आवाज ऐकूनच वस्तू घ्यावीशी वाटते. माझा स्वतःचा आवाजही काही कमी नाही, कित्येक जाहिरातींत तोच आहे. टेलिफोन उचलला की समोरचा आधी गप्प होतो आणि मग अदबीने बोलतो. आता जाहिराती पोरंटोरं मोबाइलवर उरकतात. स्टुडिओ बंद झाला आणि मी इथे येऊन पडलो.

कक्ष म्हणजे पूर्वीची अडगळीची खोली. आवाज घुमू नये म्हणून भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे चिकटवलेत. ते चिकटवणाऱ्याचा इथे सत्कार झाला होता म्हणे.

काम असं आहे. 'पुरावा' नावाचं कायद्याचं जाडजूड पुस्तक, बावीस अध्याय. सरकारी विधी खात्याची परीक्षा १४ सप्टेंबरला आहे, आणि तिला बसणाऱ्या चाळीसेक अंध उमेदवारांना हे पुस्तक आवाजात हवंय. यंत्राच्या आवाजात वाचून घेता येतं, पण कलमं, पोटकलमं आणि कंस आले की यंत्र जीभ चावल्यासारखं करतं. म्हणून माणूस वाचणार आणि मी मुद्रित करणार. पंधरा ऑगस्टच्या आत.

उद्या मी माझी पेटी घेऊन जाणार आहे. त्यांच्याकडे ती नाही, हे ऐकून मला हसूही आलं नाही.

३ जुलै

पेटी बसवली. माझा इक्वलायझर, एकतीस सरकत्या खुंट्यांचा. डावीकडे खर्ज, उजवीकडे तार, मधे माणसाचा सगळा स्वभाव. खुंटी वर केली की आवाजाचा तेवढा भाग फुगतो, खाली केली की दबतो. चिटणीसांना दोनदा समजावलं. त्यांनी विचारलं, याला वीज किती लागते.

मग आल्या वाचणाऱ्या बाई. गणिताच्या निवृत्त शिक्षिका, वय त्रेसष्ट, अकरा वर्षं इथे फुकट वाचतात. फुकट का, ते पहिल्या वाक्यातच कळलं. चिरका, नाकातून येणारा, पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज. छातीत काही नाहीच, सगळं दातांत आणि टाळूत. प्रत्येक त, ट, च, स असा वेगळा तोडून समोर ठेवतात की जणू मोजून घ्यायचाय.

खोलीच्या कोपऱ्यात एका टेबलाशी तपासनीस बसते. वय चौतीस, जन्मापासून अंध. झालेलं प्रत्येक रेकॉर्डिंग ती एका कानात इअरफोनचं बोंडूक घालून ऐकते आणि जिथे पान सुटलं, खोकला आला, वाक्य अडकलं, तिथे खूण करते. मला म्हणाली, "काका, दार जरा लावता का?"

मी सांगितलं, सर म्हणायचं.

"बरं, सर," ती म्हणाली आणि दार लागेपर्यंत वाट पाहत राहिली.

८ जुलै

ही मुलगी रेकॉर्डिंग तिप्पट वेगाने ऐकते! आज तिच्या खांद्याशी उभा राहिलो तेव्हा कळलं. बोंडुकातून किडे चावून खावेत तसा आवाज येत होता आणि ही शांतपणे शेंगदाणे खात होती. मी विचारलं, हे काय. म्हणाली, "बाईंचं 'करार' पुस्तक, सर. तुम्ही यायच्या आधीचं. तीनवर लावलंय. आवाजाची पट्टी तीच राहते, फक्त वेग वाढतो. आम्ही सगळे असंच ऐकतो, कोणी दोनवर, कोणी तीनवर. तुम्ही नाही का पानावरून नजर भर्रकन फिरवत?"

मी नजर फिरवतो ती वर्तमानपत्रावरून. एखाद्याने रियाज करून गायलेलं कुणी असं बकाबका गिळलं तर त्याला रसिक म्हणत नाहीत. पण बाईंच्या आवाजाला तीच शिक्षा योग्य आहे. लवकर संपतो तरी.

९ जुलै

बाईंच्या आवाजावर आज इलाज केला. तीन हजार हर्ट्झच्या आसपास, जिथे त्यांचा खिळा आहे, तिथल्या चार खुंट्या पार खाली. शंभर-सव्वाशेला चांगला फुगवटा. बाईंना माइकच्या अगदी जवळ बसवलं, म्हणजे खर्ज आपोआप चढतो. ऐकल्यावर मलाच वाटलं, अरे, ही तर आजी झाली! शाल पांघरल्यासारखा आवाज.

बाईंना ऐकवलं. त्या म्हणाल्या, "छान आहे हो. पण ही मी नाही."

तोच तर उपकार आहे, हे मी मनात म्हटलं.

नियमही घालून दिला. मूळ कच्चं मुद्रण मी वेगळं ठेवत नाही. पेटीतून जे बाहेर पडेल तेच थेट पक्कं. कच्चं ठेवायचं ते ज्याला आपल्या हातावर भरवसा नाही त्याने. शिवाय इथे सगळं लहान आकाराच्या फाइलींत दाबून साठवतात, दोन प्रती ठेवायला जागा कुठे आहे?

१७ जुलै

तीन अध्याय झाले आणि मी हात टेकले. खिळ्याला कितीही शाल पांघरा, आतून तो टोचतोच. चिटणीसांना स्पष्ट सांगितलं, बाईंना विश्रांती द्या. त्यांनी फाइल या काखेतून त्या काखेत घेतली आणि म्हणाले, "तुम्हीच सांगा त्यांना, साहेब. मला त्यांनी सातवीत गणित शिकवलंय."

मीच सांगितलं. बाईंनी चष्मा डबीत ठेवला, पुस्तक पिशवीत घातलं. पुस्तक इथलं आहे, असं मी म्हणणार होतो, पण ती प्रत त्यांची स्वतःची निघाली.

तपासनीसने विचारलं, "बाई उद्या येणार नाहीत?" मी म्हटलं, उद्यापासून खरा आवाज येणार आहे. ती म्हणाली, "सर, परीक्षेला आठ आठवडे आहेत." हे मला कॅलेंडरवर दिसतं. तिला एवढी घाई कशाची, देव जाणे.

१९ जुलै

खरा आवाज आला. माझा जुना स्नेही, रंगभूमीवरचा. मी त्याला नटवर्य म्हणतो आणि तो ते खरं मानतो. बुद्धी बेताची, तालीम न करता येणार, वाक्याचा शेवट श्वासात विरघळवणार. पण छातीतून काय घोष निघतो! त्यावर माझी पेटी. 'न्यायालयाने पुरावा ग्राह्य धरावा' हे त्याने वाचलं तेव्हा टेबलावरचा पेला थरथरला. कायद्याला प्रथमच भारदस्तपणा आला.

घरी हिला उत्साहाने सगळं सांगत होतो. ही स्वयंपाकघरातून म्हणाली, "काय?" पुन्हा सांगितलं. "काय म्हणालात?" मी सोडून दिलं. तीस वर्षं संसार झाला, बायकोला माझं एक वाक्य एका वेळी ऐकावंसं वाटलेलं नाही. लक्षच नसतं.

२६ जुलै

विश्वस्त येऊन गेले. पाच जण, पाचही डोळस, त्यातल्या एकानेही आयुष्यात बोलकं पुस्तक सबंध ऐकलेलं नाही. मी मोठ्या स्पीकरवर नटवर्याचा सातवा अध्याय दोन मिनिटं लावला. डोळे मिटून ऐकलं सगळ्यांनी. अध्यक्ष म्हणाले, "अहाहा. समोर समुद्र आहेसं वाटलं." पुराव्याच्या कायद्यात समुद्र कुठून आला हे विचारायचं नसतं. मूर्खांची स्तुतीही घ्यावी लागते. मी घेतली.

तपासनीस कोपऱ्यात होती. अध्यक्षांनी तिच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "काय बाळ, गोड वाटतो ना आवाज?" ती म्हणाली, "गोड आहे." चौतीस वर्षांची बाळ. अध्यक्षांच्या आवाजातसुद्धा खर्ज नाही.

४ ऑगस्ट

आज जे पाहिलं ते नोंदवून ठेवतो, कारण असा मान या जागी पुन्हा मिळेल असं वाटत नाही. तपासनीसच्या यंत्राच्या पडद्यावर नजर गेली. नटवर्याचा अकरावा अध्याय चालू होता आणि वेग होता सव्वा. तीन नाही, दोन नाही, सव्वा! कपाळाला आठ्या, बोंडूक दोन्ही कानांत, दोन्ही हात कानांवर दाबलेले. शेंगदाण्यांची पुडी तशीच बांधलेली. मध्येच पाच-पाच सेकंद मागे जाऊन पुन्हा ऐकत होती.

चाखत होती. किडे खाणाऱ्या मुलीला शेवटी जेवायला शिकवलं मी.

मी हळूच विचारलं, "काय, सावकाश ऐकावंसं वाटतं ना?"

"सावकाशच ऐकावं लागतं, सर," ती म्हणाली. तिच्या तोंडून एवढी कबुली म्हणजे पुष्कळ.

११ ऑगस्ट

बावीसही अध्याय पूर्ण. मुदतीच्या चार दिवस आधी. चिटणीसांनी चहा मागवला. आणि त्या चहात तपासनीसने मीठ टाकलं.

गेल्या आठवड्यात पहिले बारा अध्याय उमेदवारांना पाठवले होते. तिने त्यांच्या तक्रारी वाचून दाखवल्या, बोटांनी, ठिपक्यांवरून. सतरा तक्रारी. 'कळत नाही.' 'आवाज घोंगडीतून येतो.' 'बाई कुठे गेल्या?' एकाने लिहिलं होतं, 'वाचक फार मोठे कलाकार असावेत, कृपया त्यांच्याऐवजी दुसरे कोणी द्या.'

मी म्हटलं, कानच तयार नाहीत या लोकांचे.

तेव्हा ती उठून उभी राहिली. आवाज चढवला नाही. "सर, कानांवरच जगतो आम्ही. ऐका. अ, आ, ओ हे सगळे खाली असतात, तुमच्या खर्जात. शब्द कळतो तो त, ट, स, च यांच्यावरून, आणि ते वर असतात. तुम्ही वरचं कापलंत आणि खालचं फुगवलंत. एका अक्षराचा घुमारा पुढच्या अक्षरावर सांडतो. साध्या वेगात तुम्हाला चालतं, कारण तुम्ही दोन मिनिटं ऐकता आणि पुढे समुद्र बघता. तीनच्या वेगात माझ्याकडे नुसतं हुं-हुं-हुं येतं. सव्वावर आणलं तेव्हा कुठे शब्द लागायला लागले."

मी म्हटलं, मग सव्वावर ऐका.

"अठ्ठावन्न तासांचं पुस्तक आहे. तीनवर वीस तासांत होतं, परीक्षेपर्यंत तीनदा होतं. सव्वावर शेहेचाळीस तास. नोकरी सांभाळून एकदा संपेल, उजळणी शून्य. आणि हे मी पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतं, सर. बोलले नाही, कारण तुम्ही साहेब आणि मला या नोकरीची गरज. चूक माझीही आहे."

चिटणीस हळूच म्हणाले, "साहेब, ही स्वतः परीक्षेला बसते आहे. तिसऱ्यांदा. पुढच्या वर्षी वयात बसत नाही."

मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं, पण सांगायला काय हरकत होती? चहा तसाच टाकून निघालो.

१२ ऑगस्ट

जेवणाच्या सुट्टीत ती बाहेर गेली तेव्हा तिच्या खुर्चीत बसलो. तिची चूक पकडायची होती. बोंडूक कानात घातलं, बाईंचं जुनं 'करार' लावलं, तीनवर. दहा मिनिटं नुसती चिवचिव. बंद करणारच होतो, तेवढ्यात एक शब्द सुटा झाला. मग दुसरा. मग अख्खं वाक्य, अटींसकट. खिळा खिळा जागच्या जागी ठोकलेला. बाई कुठे थांबतात तेही ऐकू आलं; कलम संपलं की एवढीशी फट, पोटकलम संपलं की त्याहून लहान. तिप्पट वेगातही फटी तशाच राहतात.

मग नटवर्याचा अकरावा लावला, तीनवर.

समुद्र होता खरा. पोहता येत नव्हतं एवढंच.

मग माझ्या हातची बाईंची शालवाली आजी लावली. ती तर नुसती कण्हत होती.

बोंडूक काढून ठेवलं. तपासनीस परत आली तेव्हा म्हणाली, "सर, खुर्चीची उंची बदललीय कोणी." मी म्हटलं, चिटणीस बसले असतील.

१३ ऑगस्ट

सकाळपासून दुरुस्तीचा प्रयत्न. खर्ज कापला, तीन हजाराला उचललं, कापलं होतं तेवढंच. अक्षरांऐवजी खरखर वर आली. मी दाबून टाकलेला भाग इतका क्षीण होता की फाइल लहान करताना यंत्राने तो टाकूनच दिला. नाही ते फुगवता येत नाही. आणि कच्चं नाही. कच्चं कोण ठेवतो? ज्याला आपल्या हातावर भरवसा नाही तो.

चिटणीसांना सांगितलं, साठवणीच्या यंत्रात दोष आहे, पुस्तक पुन्हा घ्यावं लागेल. त्यांनी लगेच विश्वास ठेवला. तपासनीसने मान माझ्याकडे वळवली. तिला दिसत नाही, पण अशी बघते की बटणं नीट लागली आहेत का ते तपासावं.

नटवर्याला टेलिफोन केला. तो दौऱ्यावर निघालाय आणि वरून 'घोंगडी' ही तक्रार त्याच्या कानावर कोणीतरी घातलीय. आपल्या कलेचा अपमान झाला, म्हणतो. मूर्ख आहे, पण त्याने फक्त वाचलं. फुगवलं मी.

१४ ऑगस्ट

बाईंच्या घरी गेलो. दुसरा मजला, दारात लहान मुलांच्या चपला. गणिताची शिकवणी चालू होती. मी जिन्यात शब्द जुळवत उभा होतो. वाक्य बरं जमलं होतं: 'तांत्रिक अडचणीमुळे आपल्याला पुन्हा तसदी देत आहोत.'

बाईंनी दार उघडलं आणि म्हणाल्या, "तिने सांगितलंय मला सगळं. उद्यापासून येते. दिवसातून किती तास चालेल तुम्हाला?"

माझं वाक्य तसंच राहिलं.

त्यांनी पुस्तकाची त्यांची प्रत दाखवली. बावीसही अध्यायांवर पेन्सिलीच्या बारीक रेघा, श्वास कुठे घ्यायचा, कुठे किती थांबायचं. नटवर्य समुद्र करत होता त्या दिवसांत बाई घरी बसून रेघा मारत होत्या. मी विचारलं, कशाला, तुम्हाला तर काढलं होतं. म्हणाल्या, "अहो, मी वाचणार नसेन तर ज्याला द्यायचं त्याला उपयोग होईल, म्हणून."

मग म्हणाल्या, "माझा आवाज वाईट आहे, ठाऊक आहे मला. पस्तीस वर्षं साठ मुलांच्या वर्गात शेवटच्या बाकाला ऐकू जायला हवा म्हणून असा झाला. पहिल्या बाकावरचे कानांत बोटं घालायचे."

असल्या माणसांचा मला राग येतो. भांडत तरी नाहीत.

१५ ऑगस्ट

पेटीतल्या सगळ्या खुंट्या मधे. म्हणजे पेटी असून नसल्यासारखी. फक्त एक गोष्ट केली: शंभराच्या खालचं सगळं कापलं, कारण तिथे बाई नाहीतच, पंखा आणि रस्ता आहे. माइक हातभर लांब. तीन हजाराला हात लावला नाही. आणि कच्चं वेगळं ठेवलं. दोन प्रती.

एक अध्याय झाला की तपासनीस लगेच तपासते आणि त्याच दिवशी तो उमेदवारांना जातो. तिने तीनवर लावला. शेंगदाण्यांची पुडी सोडली.

२३ ऑगस्ट

सात झाले. बाई दिवसाला पाच तास वाचतात. मधे कोमट पाणी पितात आणि तपासनीसला तोंडी प्रश्न विचारतात, "सांग बघू, कबुलीजबाब केव्हा ग्राह्य नाही?" ती सांगते. चुकली की बाई "हं?" म्हणतात. त्या 'हं'ने मलासुद्धा उत्तर आठवायला लागलंय. हे कुणाला सांगायची गोष्ट नाही.

४ सप्टेंबर

एकोणीस अध्याय झाले आणि बाईंचा घसा गेला. विसावा सुरू केला, तिसऱ्या ओळीला आवाज फाटला, मग हवाच आली. डॉक्टरीणबाईंनी दहा दिवस तोंड उघडायचं नाही असं बजावलंय. बाईंनी पाटीवर लिहून दाखवलं, 'उद्या बघू.' तपासनीसने हाताने चाचपून पाटी शोधली आणि पुसून टाकली. काय लिहिलंय हे तिला कोणी वाचून दाखवलंच नव्हतं.

उरले तीन अध्याय. तेच परीक्षेत सर्वांत जास्त विचारतात म्हणे. दुसरा वाचक कोण? चिटणीसांनी अर्धं पान वाचून बघितलं, अल्पविरामाला दचकतात. बाईंनी पुस्तक माझ्याकडे सरकवलं. बोलता येत नसलं की माणसं फारच स्पष्ट होतात.

मी वाचतो म्हटलं. ठीक आहे, निदान या पुस्तकात तीन अध्याय तरी आवाज असलेले असतील.

५ सप्टेंबर

विसावा वाचला. खर्ज कापला होता, वर उचललं होतं. तपासनीसने तीनवर लावला, अडीचवर आणला, दोनवर, दीडवर थांबली.

"पेटी बरोबर आहे, सर. तुम्ही नाही. शब्दाचं शेवटचं अक्षर गिळता तुम्ही."

मी म्हटलं, एकतीस वर्षांत हे कोणी म्हणालं नाही.

"एकतीस वर्षं तुम्ही एका वेळी दोन ओळी बोलत होतात. आणि लोकांना त्या आधीच पाठ होत्या."

बाईंनी पाटीवर काहीतरी लिहिलं आणि मला दाखवलं: 'शेवटचा बाक.'

असला अपमान एका दिवसात दोन बायकांकडून, त्यातली एक मुकी. घरी आलो तेव्हा डोकं तापलं होतं. पण कच्चं पुन्हा ऐकलं, आणि ती बरोबर आहे. माझा आवाज छातीत उठतो, तिथेच फिरून स्वतःला ऐकतो आणि तिथेच बसतो. बाहेर येतो तो उरलेला वास. ज्या आवाजाला मी जन्मभर कुरवाळलं, तो कुणाला काही सांगत नव्हता.

६ सप्टेंबर

रविवार. दातांत पेन्सिल धरून दिवसभर मोठ्याने वाचलं. छाती बंद, सगळं जिभेच्या टोकावर आणि दातांवर. एकेक अक्षर तोडून. आरशात बघवत नव्हतं. घोड्यासारखा दिसत होतो. आवाज तर विचारूच नका, रिकामा डबा.

मधेच पेन्सिल काढून हाक मारली, "पाणी दे गं जरा."

"आणते," ही आतून म्हणाली.

पाणी आलंही. ग्लास ठेवून ही दारात उभी राहिली. "आज काय झालंय तुम्हाला? किती नीट बोलताय." मी म्हटलं, कामाचं आहे. ती तिथेच खुर्ची ओढून बसली आणि तिच्या बहिणीच्या घराबद्दल, गुडघ्याबद्दल, कसल्या कसल्या गोष्टी तासभर सांगत राहिली, आणि मी उत्तर दिलं की पुढचं विचारत होती. अभ्यासाचा एक तास गेला माझा.

९ सप्टेंबर

विसावा पुन्हा, एकविसावा, बाविसावा. तिन्ही झाले. बाईंच्या रेघांवर श्वास घेतला. दोनशेच्या खालचं सगळं कापलं. एकतीस वर्षांचा खर्ज, दहा खुंट्यांत गेला. तीन हजाराला थोडं उचललं. ऐकलं तेव्हा हा कोण किरकिऱ्या कारकून, असंच वाटलं.

तपासनीसने दीडवर लावलं. मी तिच्या मागे उभा. दोन. थोडं ऐकलं. सव्वादोन. अडीच. तिथेच ठेवलं.

तिने पुडीतले शेंगदाणे पुढे केले. मी म्हटलं, मी कामाच्या वेळी खात नाही. मग एक घेतला.

बाईंना तीनचा वेग देते ती.

१४ सप्टेंबर

परीक्षा. ती लेखनिकाला घेऊन गेली. आज खोलीत फारच शांतता होती. चिटणीसांनी दोनदा विचारलं, "साहेब, कसा गेला असेल हो पेपर?" मला काय ठाऊक! मी काय ज्योतिषी आहे? दुपारी मीच तिसऱ्यांदा घड्याळाकडे बघत होतो तेव्हा ते आले, आणि मी पकडला गेलो.

२८ नोव्हेंबर

लागला निकाल. ती अठ्ठावन्नावी आली, जागा सत्तर. चिटणीसांची फाइल खरोखरच पडली आणि कागद खोलीभर झाले. बाईंचा घसा सुधारलाय. त्या इतक्या मोठ्याने हसल्या की माइकच्या मापकाची सुई लाल पट्ट्यात गेली. अध्यक्षांनी टेलिफोनवरून अभिनंदन केलं, आणि 'तो समुद्रासारखा आवाज' होता म्हणूनच हे झालं, असं म्हणाले. मी खोडून काढलं नाही. मूर्खाला समजावण्यात आयुष्य घालवण्यापेक्षा त्याच्याकडून चहा प्यावा.

ती निघताना म्हणाली, "येते, काका."

मी सर म्हण म्हणून सांगणार होतो. दार उघडं होतं, बाहेर रस्त्याचा आवाज फार होता.

२ डिसेंबर

आज तिचं ऐकण्याचं यंत्र नव्या तपासनीसला द्यायचं होतं. आधीचं पुसायचं म्हणून उघडलं. प्रत्येक अध्यायापुढे ते शेवटचा वेग लक्षात ठेवतं, आणि किती वेळा ऐकला ते.

एक ते एकोणीस, बाई: वेग तीन, चार वेळा.

वीस, एकवीस, बावीस, मी: वेग तीन, चार वेळा.

यंत्रात काहीतरी बिघाड असणार. चिटणीस म्हणाले, दुरुस्तीला पाठवू. मी त्यांना हात लावू दिला नाही. नव्या मुलाला दुसरं यंत्र आणून द्या म्हणून सांगितलं, आणि ते त्यांना पहिल्या वेळीच कळलं.